तापवलेली ग्राफिक्स चिप पुन्हा का मरते?

लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर उभ्या रंगीत रेघा येतात, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोनच चौकोन दिसतात. कधी पंखा फिरतो, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. सात-आठ वर्षं वापरलेल्या यंत्राचं असं झालं की बऱ्हाणपुरात शनवाऱ्यापासून लालबागेपर्यंत कुणीही एकच सल्ला देतं : ग्राफिक्स चिप गेली, हीट मारून घ्या. हीट मारायची म्हणजे मदरबोर्डावरच्या त्या चिपवर खूप गरम हवेचा झोत सोडायचा. दुकानात हे काम हॉट एअर स्टेशनवर होतं. घरी कुणी रंग खरवडायची हीट गन वापरतं, तर कुणी व्हिडिओ पाहून अख्खा बोर्ड ओटीजी ओव्हनमध्ये ठेवतं. आणि पुष्कळदा लॅपटॉप खरोखरच चालू होतो.

सगळा घोळ या 'चालू होतो'मुळे झाला आहे. डोळ्यांसमोर यंत्र जिवंत झालेलं पाहिल्यावर उपाय खोटा आहे हे कुणाला कसं पटणार? त्यात इथला जुना लॅपटॉप हौसेचा नसतो. त्यावर यंत्रमागांचा हिशेब असतो, केळीच्या गाड्यांच्या पावत्या असतात, मुलीच्या परीक्षेचा अभ्यास असतो. तो आठ दिवस चालून पुन्हा बंद पडला की पैसे जातात, आणि बोर्ड भाजताना जे चांगलं होतं तेही जातं. म्हणून चिपच्या आत नेमकं काय मोडतं हे आधी नीट पाहू.

"सोल्डर सुटलंय, तापवलं की परत चिकटतं"

ग्राफिक्स चिपला सोल्डरचे जोड दोन मजल्यांवर असतात. आपल्याला बाहेरून दिसतो तो हिरवा चौकोनी तुकडा आणि त्याच्या मध्यावरचा आरशासारखा चकचकीत भाग. चकचकीत भाग म्हणजे खरी सिलिकॉनची चिप. ती खालच्या हिरव्या तुकड्याला, म्हणजे सबस्ट्रेटला, अतिसूक्ष्म सोल्डरबिंदूंनी जोडलेली असते. या बिंदूंना बम्प म्हणतात. हा वरचा मजला. सबस्ट्रेटच्या खाली त्याहून मोठ्या गोळ्यांची जाळी असते आणि ती मदरबोर्डाला जोडलेली असते. हा खालचा मजला, ज्याला दुकानात बीजीए म्हणतात. हीट मारणारा माणूस खालच्या मजल्याचा विचार करत असतो. जुन्या लॅपटॉपमधला बिघाड बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर असतो.

कारण साधं आहे. एक अंश तापमान वाढलं की सिलिकॉन दहा लाखात साधारण तीन भाग पसरतं, आणि त्याखालचा सबस्ट्रेट त्याच्या पाचपट. लॅपटॉप सुरू केला, चिप ऐंशी अंशांवर गेली, बंद केला, थंड झाली. दर खेपेला हे दोन पदार्थ वेगवेगळे ताणले जातात आणि तो ताण मधल्या बम्पांवर येतो. तार पुन्हा पुन्हा वाकवून-सरळ करून तोडावी तसे ते बिंदू हळूहळू तडकत जातात. ताण वाटून घेण्यासाठी बम्पांच्या भोवती एक राळ भरलेली असते, तिला अंडरफिल म्हणतात. ती राळ चुकीची निवडली, कमी तापमानालाच मऊ पडली, तर बम्पांना आधार उरत नाही.

हे नुसतं पुस्तकी गणित नाही. २ जुलै २००८ रोजी एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपमध्ये बसवलेल्या तिच्या काही ग्राफिक्स चिप, चिपच्या आणि पॅकेजिंगच्या कमकुवत साहित्यामुळे, बंद पडत आहेत, आणि दुरुस्ती-बदलीच्या खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवले जात आहेत. त्या तिमाहीच्या हिशेबात प्रत्यक्ष आकडा १९.६ कोटी निघाला. डेल आणि एचपीने ठरावीक मॉडेलांची वॉरंटी वाढवली. ॲपलने ८६००एम जीटी चिप असलेल्या मॅकबुक प्रोची मोफत दुरुस्ती सुरू केली. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१० मध्ये तो तडजोडीने मिटला. 'द इन्क्वायरर'चे पत्रकार चार्ली डेमर्जियन यांनी तेव्हा एक लांबलचक लेखमाला लिहून हे बम्प आणि अंडरफिलचं प्रकरण उलगडलं. जास्त शिसं असलेले ठिसूळ बम्प आणि उष्णतेत आधार सोडणारी राळ, ही जोडी दोषी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता तापमानांकडे पाहा. आजच्या शिसेविरहित बीजीए गोळ्या २१७ ते २२० अंश सेल्सिअसला वितळतात, जुनं शिसं-कथील मिश्रण १८३ ला. म्हणून हीट मारणारा २३०-२४० पर्यंत जातो. पण ९५ टक्के शिसं असलेले बम्प वितळायला ३०० अंशांच्याही वर जावं लागतं. एवढ्या तापमानाला बोर्डाचे थर सुटतात, चिपही जाते. म्हणजे जो जोड तुटला आहे तो या सगळ्या खटाटोपात वितळतच नाही.

मग लॅपटॉप चालू का होतो? तापल्यामुळे सगळं प्रसरण पावतं, राळ मऊ पडते, आणि तडकलेल्या बम्पाचे दोन काठ पुन्हा एकमेकांना टेकतात. वीज वाहू लागते. ते काठ एकजीव झालेले नसतात, फक्त एकमेकांना टेकलेले असतात. चार दिवस, चार आठवडे, यंत्र किती वेळा तापतं आणि थंड होतं त्यावर त्यांचं पुन्हा सुटणं अवलंबून असतं. अमेरिकेतले दुरुस्ती कारागीर लुई रॉसमन वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत, आणि या धंद्यात राहून हे उघड बोलण्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

एक्सबॉक्स ३६० चं उदाहरणही याच घराण्यातलं. लाल दिवे लागून बंद पडणाऱ्या त्या गेम यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने जुलै २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला ठेवली. लोक ती यंत्रं टॉवेलात गुंडाळून चालू ठेवत, आतल्या आत तापवत, आणि ती थोडे दिवस चालतही. पुढे २०२१ मध्ये कंपनीच्याच माहितीपटात सांगितलं गेलं की तुटत होते ते बोर्डावरचे जोड नव्हते, घटकांच्या आतले होते, आणि कारण होतं वारंवार गरम-थंड होणं.

ओटीजीत बोर्ड भाजणं

याबद्दल मी मोकळेपणाने सांगतो : हे करू नका. घरच्या ओव्हनमधलं तापमान जागोजागी वेगळं असतं, काट्यावर २०० दाखवलं तरी एका कोपऱ्यात २३० असू शकतं. बोर्डावरचे प्लास्टिकचे कनेक्टर विरघळतात. द्रव इलेक्ट्रोलाइट असलेल्या कपॅसिटरांवर बहुधा १०५ अंश छापलेले असतात, तेवढीच त्यांची सहनशक्ती. शिवाय वर्षानुवर्षांत चिपच्या पॅकेजमध्ये हवेतली ओल मुरलेली असते. अचानक तापवलं की तिची वाफ होऊन पॅकेजचे थर आतून फुगतात. कारखान्यात म्हणूनच आधी १२५ अंशांवर तासन् तास ओल काढून घेतात. तापी काठच्या पावसाळ्यानंतर कपाटात पडून राहिलेल्या लॅपटॉपला हा धोका जास्त.

आरोग्याबद्दलही अर्धवट माहिती फिरते. लोक शिशाच्या वाफेला घाबरतात. या तापमानाला शिसं जवळजवळ उडत नाही. फुप्फुसांना त्रास देतो तो सोल्डरबरोबर वापरलेल्या फ्लक्सचा आणि जळत्या प्लास्टिकचा धूर, आणि शिसं पोटात जातं ते हात न धुता खाल्ल्यामुळे. ज्या ओव्हनमध्ये बोर्ड तापवला त्यात मग मुलांसाठी नानकटाई भाजायची नाही, एवढं तरी पाळावं.

"रिबॉलिंग केलं की कायमचं काम"

रिबॉलिंगमध्ये चिप बोर्डावरून उचलतात, खालच्या जुन्या गोळ्या साफ करतात, जाळी ठेवून नव्या गोळ्या बसवतात आणि चिप परत जागेवर लावतात. हे कसबाचं काम आहे, आणि ते करणाऱ्या हातांना कमी लेखण्याचा माझा मुळीच विचार नाही. लॅपटॉप हातातून पडला, बोर्ड वाकला आणि खालच्या मजल्यावरची गोळी तडकली, तर रिबॉलिंग हाच बरोबर इलाज आहे. पण तडा वरच्या मजल्यावर असेल तर नव्या गोळ्या लावून तीच आजारी चिप परत बसवली जाते. त्या सगळ्या प्रवासात ती दोनदा-तीनदा तापते आणि काठ टेकतात, म्हणून पुन्हा 'झालं'. ग्राहक जास्त पैसे देतो, मिळतं तेच.

युरोपने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर बंधन आणलं, त्यामुळे सगळा दोष शिसेविरहित सोल्डरवर ढकलायची पद्धत पडली. शिशाच्या गोळ्या लावून देतो, आता जाणार नाही, असं आश्वासन त्यातूनच येतं. वर सांगितलेल्या एनव्हिडियाच्या प्रकरणात तर जास्त शिशाच्याच बम्पांकडे बोट दाखवलं गेलं होतं.

खरा इलाज एकच : चिप बदलणं, आणि तीही खरोखर नवी. बाजारात 'नवी' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ चिप भंगार बोर्डांवरून काढलेल्या, घासून-पुसून नव्या गोळ्या लावलेल्या असतात. चिपवर चार अंकी तारीख छापलेली असते, पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. १०२३ म्हणजे २०१० चा तेविसावा आठवडा. ती तारीख बसवण्याआधी पाहून घ्यावी.

मुळात ग्राफिक्स चिपच गेली आहे का?

रेघा दिसल्या की चिपचं नाव घेतलं जातं. पण पडद्याची रिबन केबल बिजागरीपाशी झिजते, पॅनेल जातं, रॅम सैल होते, आणि या सगळ्यांनी पडदा बिघडतो. घरी, फारसं न उघडता, बरंच कळतं. बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही एचडीएमआयने जोडा. तिथे चित्र स्वच्छ असेल तर संशय केबल किंवा पॅनेलवर जातो. झाकण पुढे-मागे हलवल्यावर रेघा बदलत असतील तर केबलच. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक पुसून परत बसवा, दोन असतील तर एकेक लावून पाहा. विंडोज सेफ मोडमध्ये नीट चालतं आणि ग्राफिक्स ड्रायव्हर टाकताच कोसळतं, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ दिसतो, तर चिपवरचा संशय बळावतो, तरी आधी ड्रायव्हर बदलून पाहावा.

एक गोष्ट तर दुकानांतही सुटते. २०१० नंतर आलेल्या ऑप्टिमस पद्धतीच्या लॅपटॉपांत पडदा थेट प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्सला जोडलेला असतो. एनव्हिडियाची वेगळी चिप फक्त जड काम करून चित्र त्याच्याकडे पाठवते. अशा यंत्रात सुरुवातीच्या बायोसच्या पडद्यावरच रेघा असतील, तर एनव्हिडियाच्या चिपचा त्यात हात असण्याची शक्यता फार कमी. तरी झोत तिच्यावरच सोडला जातो.

कापसाचं तूस आणि मे महिना

बऱ्हाणपूर यंत्रमागांचं शहर आहे. अनेक वस्त्यांत खाली माग आणि वर बिऱ्हाड. सुताचं बारीक तूस आणि ताण्याला लावलेल्या खळीची भुकटी हवेत तरंगत राहते, आणि लॅपटॉपचा पंखा ती आत ओढून घेतो. पुण्या-मुंबईच्या कार्यालयात दोन वर्षांत साठेल त्याहून जास्त इथे काही महिन्यांत साठतं. मागाच्या तेलाचा अंश मिसळला की ती धूळ चिकटही होते.

लोक म्हणतात, जाळी बाहेरून पुसतो, ब्लोअर मारतो, पंखा साफ आहे. पंखा साफ असतोही. तूस अडकतं ते पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्या मधल्या फटीत, जिथे हवा बाहेर पडते. तिथे त्याचा नमद्यासारखा थर जमतो, आणि तो पंखा काढल्याशिवाय दिसतच नाही. बाहेरून ब्लोअर मारला तर उलट तो आणखी घट्ट बसतो. हवेला वाट नाही म्हणून पंखा ओरडत राहतो आणि चिप तापत राहते.

वर इथला उन्हाळा. चिपचं तापमान खोलीच्या हवेच्या पायावर उभं असतं. तेच काम करताना २५ अंशांच्या खोलीत चिप ७० वर असेल, तर ४३ अंशांच्या खोलीत ती ८८ च्या आसपास जाते. त्यात तूस साठलेलं. गरम-थंड होण्याचा प्रत्येक फेरा मोठा होतो आणि बम्प लवकर थकतात. म्हणून दुरुस्तीपेक्षा या शहराला जास्त गरज आहे ती वेळेवर सफाईची, आणि ती घरी होऊ शकते. मागाच्या घरात वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा तरी, हे करावं.

काम करताना यंत्र बंद, चार्जर काढलेला, आणि झाकण उघडल्याबरोबर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. टचपॅड वर आलेलं दिसलं, बॅटरी फुगलेली वाटली, तर तिथेच थांबा. तिला दाबू नका, टोचू नका, माहितगाराकडून बदलून घ्या. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. उन्हाळ्यात हवा कोरडी असते, नायलॉनच्या कपड्यांवर स्थिर वीज साठते, म्हणून सुती कपडे घालून बसावं आणि बोर्डाला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करावा.

हीटसिंक काढलात तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी, चण्याच्या डाळीएवढी, लावा. जास्त पेस्ट म्हणजे जास्त गारवा, हा समज खरा नाही. दोन पृष्ठभागांमधल्या सूक्ष्म खळग्यांत हवा राहू नये, एवढंच तिचं काम. ग्राफिक्स मेमरीवर पेस्टऐवजी राखाडी-निळे मऊ पॅड असतात. ते फाटले तर त्याच जाडीचे घ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा पॅड लावला तर हीटसिंक उचलला जातो आणि चिपला टेकतच नाही. स्क्रूजवळ १, २, ३, ४ असे आकडे असतात. त्या क्रमाने, प्रत्येकाला थोडे थोडे आटे देत आवळा. एक बाजू एकदम आवळली तर उघड्या सिलिकॉनचा कोपरा तुटू शकतो.

सफाईने तडकलेला बम्प सांधत नाही, हेही खरं. डेल आणि एचपीने २००८ च्या सुमारास बायोस बदलून पंखे जास्त वेळ चालवायला लावले, त्यानेही आधीच थकलेल्या चिप बऱ्या झाल्या नाहीत. पण ज्यांची चिप अजून धड आहे त्यांची काही वर्षं त्यातून वाचतात.

विजेचा दोष किती?

बऱ्हाणपुरात लाइट कमी-जास्त झाली म्हणून चिप उडाली, असं ऐकायला मिळतं. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, आणि ग्राफिक्स चिपपर्यंत पोचते ती बोर्डावरच्या सर्किटने उतरवलेली सुमारे एक व्होल्टची वीज. जोराचा झटका आला तर आधी चार्जर आणि चार्जिंगचं सर्किट जातं. रेघा येऊन मरणारी चिप बहुधा उष्णतेने गेलेली असते.

चिप गेली म्हणजे लॅपटॉप गेला, डेटाही गेला?

दोन्ही नाही. इंटेलने जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज आणलं तेव्हापासून बहुतेक लॅपटॉपांच्या प्रोसेसरमध्येच कामापुरती ग्राफिक्स असते. काही यंत्रांत बायोसमधून वेगळी चिप बंद करता येते. काहींत विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून किंवा लिनक्समध्ये तिला झोपवता येतं. २०११ चे मॅकबुक प्रो, ज्यांच्या एएमडी चिपसाठी ॲपलला फेब्रुवारी २०१५ मध्ये दुरुस्ती योजना काढावी लागली, तेही फर्मवेअरमधली एक नोंद बदलून फक्त इंटेल ग्राफिक्सवर चालवणारे लोक आहेत. गेम आणि व्हिडिओ संपादन जातं. हिशेब, टायपिंग, अभ्यास, बँकेची कामं सगळी होतात, आणि यंत्र पूर्वीपेक्षा गारही राहतं. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याला मी हाच मार्ग पहिल्यांदा सांगेन.

डेटा हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतो, ग्राफिक्स चिपशी त्याचा संबंध नाही. डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घाला आणि दुसऱ्या संगणकाला लावा. विंडोजने डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केली असेल तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून रिकव्हरी की काढून ठेवावी लागते. डिस्क बोर्डालाच जोडलेली असेल, जशी नव्या मॅकबुकमध्ये असते, तिथे हा उपाय चालत नाही. म्हणून रेघा दिसू लागल्या त्याच दिवशी, यंत्र अजून चालतंय तोवर, सगळं उतरवून घ्या. दुकानात देण्याआधी तर नक्कीच.

दुकानात काय विचारायचं

चिप लेव्हल काम करणारा चांगला कारागीर बऱ्हाणपुरात, भुसावळला किंवा इंदूरला भेटेल. त्याला सरळ विचारा : हीट मारणार, तीच चिप रिबॉल करणार, की चिप बदलणार? बदलणार असाल तर जुनी चिप मला परत द्याल का? हमी किती दिवसांची, आणि पावतीवर तसं लिहून द्याल का? पंधरा दिवसांची तोंडी हमी मिळत असेल तर काय होणार आहे ते कारागिरालाही ठाऊक आहे असं समजा. खर्च त्याच मॉडेलच्या जुन्या चालू बोर्डाच्या किमतीशी ताडून पाहा. वेगळी ग्राफिक्स चिप नसलेला त्याच मॉडेलचा बोर्ड मिळाला आणि तो तुमच्या खोक्यात बसत असेल, तर मी तो निवडेन.

यंत्र अजून कंपनीच्या आवाक्यात असेल तर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलवर त्या कंपनीचं पान पाहावं. सुटे भाग, सेवा केंद्रं, वॉरंटी यांची माहिती कंपन्यांनी तिथे द्यायची आहे. आणि बोर्ड खरोखर संपला असेल तर तो रद्दीच्या ढिगात टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रापर्यंत पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा कंपनीच्या सेवा केंद्रात तो कुठे द्यायचा ते विचारा. देण्याआधी चांगली रॅम, डिस्क, पडदा आणि कीबोर्ड काढून ठेवा. त्याच मॉडेलचा लॅपटॉप वापरणारं दुसरं कुणीतरी ते भाग शोधत असतं.